खाडाखोड पुसू नका: हाताने काढलेल्या खेळपटांविषयी

सेलूहून एका वाचकाने विचारले आहे: "आमच्या बाबांनी 1978 साली कॉलेजात असताना ड्रॉइंग शीटवर मराठवाड्याच्या नकाशाचा लढाईचा खेळ स्वतः तयार केला होता. घर आवरताना तो पट, पुठ्ठ्याच्या सोंगट्या आणि नियमांची वही सापडली. आजीच्या पेटीतून एक कापडी सारीपाटही निघाला. एक जण नकाशाच्या पटाचे 20 हजार देतो म्हणतोय. मला असे हाताने काढलेले मूळ पट गोळा करायचे आहेत. अस्सल कसा ओळखायचा, किंमत कशी लावायची आणि जपायचे कसे?" सोबत 11 फोटो आहेत.

दोन गोष्टी आजच करा. पट लॅमिनेट करायला देऊ नका. आणि पट, सोंगट्या, वही या तिन्हींची ताटातूट होऊ देऊ नका. 20 हजारवाल्याला "बाबांशी बोलून सांगतो" एवढेच म्हणा. तो फक्त पट मागतोय, वही नको म्हणतोय, असे तुम्ही लिहिले आहे. म्हणजे त्याला भिंतीवर टांगायला चित्र हवे आहे. तुमच्या हातात त्याहून बरेच जास्त आहे.

मी अंबाजोगाईला 31 वर्षे चित्रकला शिकवली. खेळपट गोळा करायला लागले 1991 मध्ये, आणि तेही वर्गातच. सातवीतल्या एका मुलाने निसर्गचित्राचा कागद तपासायला दिला. कागदाच्या मागे पेन्सिलीने वाघ-बकरीचा पट काढलेला होता. रागवावे म्हणून कागद उलटा केला, तर दिसले की पटाच्या खालच्या बाजूच्या दोन रेघा तीन वेळा खोडून पुन्हा काढल्या आहेत. कागद तिथे खोडरबराने पातळ झाला होता. विचारले, तेव्हा तो म्हणाला, "बाई, बकऱ्या सारख्या हरायल्या होत्या. त्यांना पळायला वाट करून द्यायचीय." शेतात मातीवर काढायच्या खेळात त्याने दोन वाटा वाढवल्या होत्या, खेळून पाहिल्या होत्या, एक वाट जास्त झाली म्हणून परत पुसली होती. तो कागद मी मागून घेतला. आज माझ्याकडे 163 पट आहेत, त्यांतला पहिला तो.

तुमच्या प्रश्नाचे उत्तर याच कागदात आहे. "मूळ" पट कोणता, याची खूण जुनेपणात शोधायची नसते, ती खाडाखोडीत शोधायची. उतरवून घेतलेला पट स्वच्छ असतो, कारण उतरवणाऱ्याला सगळे आधीच ठाऊक असते. खेळ घडवणाऱ्याला ठाऊक नसते. तो काढतो, चार जणांना बसवून खेळतो, खेळ कुठे अडतो ते बघतो आणि रेघ बदलतो. असा बदल जिथे दिसतो तिथे विचार करणारा माणूस बसलेला असतो.

आता तुमचे फोटो बघू. तिसऱ्या फोटोत देवगिरीच्या वर्तुळात शाईने "5" लिहिले आहे, ते लाल पेन्सिलीने कापून "3" केले आहे. परांड्याकडून धारूरकडे जाणारी वाट कागदाची पट्टी चिकटवून नव्याने आखली आहे. वहीच्या सातव्या पानावर "देवगिरी घेतला की डाव संपला" हा नियम एका रेघेने कापला आहे आणि समासात लिहिले आहे: "सगळे तिकडेच पळतात." हे तीन शब्द मला सगळ्या पटाहून मोलाचे वाटतात. ज्यांनी कधी असा खेळ बसवला आहे त्यांना हा रोग लगेच कळेल. एकाच जागेला जास्त मोल दिले की सगळे खेळाडू तिथे धावतात, बाकीचा नकाशा ओस पडतो, आणि उदगीर, कंधार, नळदुर्ग, औसा ही नुसती नावे उरतात. त्यावर उपाय तीन: त्या जागेचा फायदा कमी करायचा, तिथे पोचायला महाग करायचे, नाहीतर दुसरीकडे वाटा उघडायच्या. तुमच्या बाबांनी आधी फायदा कमी केला, मग नियम काढून टाकला, शेवटी वाट उघडली.

वाट शेवटी उघडली हे मी अंदाजाने सांगत नाही. पट्टीच्या खालून लाल पेन्सिलीची टोके बाहेर आलेली पाचव्या फोटोत दिसतात, म्हणजे पट्टी नंतरची. तुम्ही स्वतः पहा: अंधाऱ्या खोलीत पट सपाट ठेवा, टॉर्च कागदाला जवळजवळ टेकवून आडवी धरा आणि भिंग घ्या. आडव्या उजेडात कोणती रेघ कोणत्या रेघेवरून गेली, खोडरबर कुठे फिरला, टोकदार पेन्सिलीचा चर कुठे उरला, सगळे वर येते. पुसलेले आकडेसुद्धा वाचता येतात. एका पटावरचा पहिला, पूर्ण पुसून टाकलेला नकाशा मला असाच सापडला. तो वरच्या नकाशाच्या अगदी उलट दिशेने काढलेला होता.

साल ठरवायला नकाशासारखा साक्षीदार नाही. तुमच्या पटावर पाचच जिल्हे आहेत: औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद. जालना जिल्हा झाला 1 मे 1981 ला, लातूर 16 ऑगस्ट 1982 ला, हिंगोली 1 मे 1999 ला. त्यामुळे बाबा सांगतात ते 1978 साल पटाशी जुळते. पण वहीच्या मागच्या पानांवर वेगळ्या, निळ्या बॉलपेनने "लातूर जिल्ह्याला 2 पलटणी जादा" असे लिहिले आहे. ते 1982 नंतरचे असणार. म्हणजे कॉलेज संपल्यावरही हा खेळ कुणीतरी खेळत होते आणि बदलत होते. कोण, ते बाबांना विचारा. अक्षर मला दुसऱ्या कुणाचे वाटते, "ल" आणि "ष" ची वळणे वेगळी आहेत.

नाण्यांवरूनही असेच कळते. आपल्याकडच्या जुन्या पटांवर कधी "हाली" रुपये दिसतात, तो निजामी अमदानीचा शिक्का. हैदराबाद संस्थानावरच्या पोलीस कारवाईनंतरही काही वर्षे तो चालत होता, त्यामुळे "हाली" दिसले की लगेच 1948 च्या आधीचा पट समजू नका. आणे असतील आणि पैसे नसतील तर बहुधा 1957 च्या आधीचा. "नवे पैसे" लिहिले असेल तर 1957 ते 1964 या काळाच्या आसपासचा, कारण 1 एप्रिल 1957 ला दशमान नाणी आली आणि 1964 मध्ये "नवे" हा शब्द गळाला. लोकांच्या हाताची सवय सरकारी तारखेहून सावकाश बदलते, म्हणून एकाच खुणेवर कधी विसंबू नका. कागदाची मागची बाजू नेहमी पहा. पट बहुतेक वेळा कशाच्या तरी पाठीवर काढलेला असतो: कॅलेंडर, लग्नपत्रिका, खतावणीचे पान, उर्दूतला निजामी कागद, साखर कारखान्याचे पत्रक. पाठ बघितल्याशिवाय मी पैसे देत नाही.

अस्सल-नक्कल हा प्रश्न वाटतो तेवढा सरळ नाही, आणि याचे जगातले सगळ्यात मोठे उदाहरण "मोनोपॉली"चे आहे. आपण लहानपणी खेळलो तो "व्यापार" त्याच घराण्यातला. अमेरिकेत लिझी मॅगी या बाईंनी जमीनदारीचा खेळ रचला आणि 1904 मध्ये त्याचे पेटंट मिळवले. जमिनीच्या मक्तेदारीने माणूस कसा नागवला जातो हे त्यांना त्यातून दाखवायचे होते. मग तीसेक वर्षे तो खेळ घरोघर हाताने उतरवला जात होता आणि जो तो आपल्या गावातले रस्ते त्यात घालत होता. अटलांटिक सिटीच्या रस्त्यांचा एक पट फिरत फिरत चार्ल्स डॅरो यांच्यापर्यंत पोचला. त्यांनी 1933 च्या सुमारास तो गोल ऑइलक्लॉथवर हाताने रंगवला, 1935 मध्ये पार्कर ब्रदर्स या खेळांच्या कंपनीने हक्क घेतले आणि डॅरो जन्मदाते म्हणून प्रसिद्ध झाले. पुढे 1970 च्या दशकात राल्फ अ‍ॅन्सपॅक या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांनी कोर्टकज्जाच्या निमित्ताने जुने खेळाडू आणि त्यांचे हातचे पट शोधून काढले, तेव्हा खरी वंशावळ बाहेर आली.

त्यातला एक पुरावा मी माझ्या विद्यार्थ्यांना नेहमी सांगत आले. अटलांटिक सिटीजवळच्या वस्तीचे खरे नाव "मार्व्हेन गार्डन्स". डॅरो यांना ज्यांच्याकडून पट मिळाला त्या चार्ल्स टॉड यांच्या पटावर ते चुकून "मार्व्हिन" लिहिले गेले होते. डॅरोंच्या पटावरही "मार्व्हिन"च आले आणि छापील खेळातही तेच गेले. एका अक्षराच्या चुकीने सांगितले की पट कुणाच्या पटावरून उतरवला. पार्कर ब्रदर्सने त्या चुकीबद्दल 1995 मध्ये वस्तीतल्या लोकांची माफी मागितली. डॅरोंचा तो गोल पट 2010 मध्ये लिलावात 1,46,500 डॉलरला गेला आणि आता न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरच्या स्ट्राँग संग्रहालयात आहे.

याच रीतीने मी आपल्याकडचे हातचे "व्यापार" लावून पाहिले. छापील खेळ महाग, म्हणून मुले कार्डशीटवर तो काढत. माझ्याकडे जिंतूर, मानवत आणि परतूर इथले तीन पट आहेत. तिन्हींवर कानपूर दोनदा आले आहे आणि नागपूर गाळले आहे. मानवतच्या पटावर दुसऱ्या कानपूरशेजारी कुणीतरी प्रश्नचिन्ह काढले आहे, म्हणजे चूक लक्षात आली होती, पण "मुळात असेच आहे" म्हणून ठेवली. तिन्ही घरे एकमेकांना ओळखत नव्हती. चौकशी केली तेव्हा तिन्ही घरांत एक धागा निघाला: प्रत्येक घरातला एक मुलगा परभणीच्या एकाच वसतिगृहात राहिला होता. चौथा, सगळ्यात जुना पट कुठेतरी असेल या आशेवर मी अजून आहे. तेव्हा नक्कल आहे म्हणून पट फेकू नका. चुका जुळवत गेलात की नकला आपल्या मुळाकडे बोट दाखवतात.

छपाई आणि हातकाम यांच्या मधली एक जात असते, तीही ओळखायला शिका. "स्क्रॅबल" घडवणारे आल्फ्रेड बट्स वास्तुरचनाकार होते. त्यांनी सुरुवातीचे पट ड्राफ्टिंगच्या साधनांनी आखले, त्यांच्या ब्लूप्रिंट काढल्या आणि घडीच्या पटांवर चिकटवल्या. आपल्याकडे हे काम पाटबंधारे आणि बांधकाम खात्यातल्या आरेखकांनी केले. जायकवाडीच्या कामावर राहिलेल्या एका आरेखक काकांकडे पैठणला मला किल्ल्यांच्या खेळाच्या सहा अमोनिया प्रिंट (ट्रेसिंग कागदावरच्या मूळ चित्रावरून अमोनियाच्या वाफेने काढलेल्या प्रती) मिळाल्या, निळसर-जांभळ्या, उग्र वासाच्या. सहाही एकसारख्या दिसत होत्या, पण नद्यांचे रंग हाताने भरलेले, आणि दोन प्रिंटांवर पूल वेगळ्या जागी. मी विचारले, "काका, ट्रेसिंग कुठंय?" ट्रेसिंग लोखंडी कपाटामागे गुंडाळी होऊन उभे होते. ट्रेसिंगवर ब्लेडने खरवडून पुसलेल्या जागा होत्या, म्हणजे विचार तिथे झाला होता. अशा वेळी ट्रेसिंग आणि प्रिंटा एकत्रच घ्याव्यात. या प्रिंटा उजेडात फार लवकर उडतात, त्यांना खिडकी दाखवू नका.

फसवणुकीचेही सांगते, कारण तुम्ही विकत घ्यायला निघाला आहात. 2004 मध्ये एका व्यापाऱ्याकडून मी "पेशवेकालीन मोक्षपट", म्हणजे सापशिडीचे जुने रूप, 6,000 रुपयांना घेतला. हातकागद होता, कडा फाटलेल्या, रंग उतरलेला. घरी आणल्यावर नोटा तपासायच्या जांभळ्या टॉर्चखाली धरला, तर कागद निळसर पांढरा चमकला. कागदाला पांढरेपणा यावा म्हणून घालतात ती चमकद्रव्ये साधारण 1950 नंतरची आहेत. मग बाकीचे दिसू लागले. तपकिरी डाग घडीच्या आतही तेवढाच गडद होता. खऱ्या जुन्या कागदाची घडी आत उजळ असते, कडा आणि बाहेरची पाठ काळवंडते. चहाच्या पाण्यात बुडवलेला कागद सगळीकडे सारखा रंगतो. जुनी हिराकसाची शाई कागदात उतरते, रेघेभोवती तांबूस कड धरते, कधी कागद खाऊन आरपार जाते. इथली शाई वरच बसली होती. अशी टॉर्च दीड-दोनशे रुपयांत मिळते, ती आधी घ्या. मात्र चमकला नाही म्हणजे जुना, असे उलटे अनुमान काढू नका. चमकद्रव्य नसलेला कागद आजही बनतो. दौलताबादजवळ कागजीपुऱ्यात हातकागदाची परंपरा आहे, तुघलकाने 1327 मध्ये राजधानी इकडे आणली त्या काळापर्यंत ती मागे नेतात. तिथले कारागीर नवा कागद नवा म्हणूनच विकतात. लबाडी होते ती पुढच्या कुणाच्या हातात.

मोक्षपटाचा विषय निघालाच आहे म्हणून. ज्ञानेश्वरांचे आपेगाव आपल्याच भागात, त्यामुळे "माउलींचा पट" म्हणून वस्तू दाखवणारे आपल्याकडे भेटतात. ज्ञानेश्वरांनी मोक्षपट रचला ही परंपरा मलाही प्रिय आहे. पण बाजारात दिसणारे जुने ज्ञानपट, 72 घरांचे वैष्णव किंवा 84 घरांचे जैन, फार मागे गेले तरी अठराव्या शतकापर्यंत जातात. संतांचे नाव लावून किंमत वाढवलेला पट घेऊ नका. शिवाय सापशिडीत खेळाडूला काही ठरवायचे नसते, दान पडेल तिकडे जायचे. आता मी डाव रचावा लागतो असेच खेळ गोळा करते.

सारीपाट त्यात बसतो. दान कवड्यांचे असले तरी चारपैकी कोणती सोंगटी हलवायची, कुणाची मारायची, कोणती जोडीने न्यायची, हे खेळणाऱ्याचे डोके. आजीचा पट जपण्यासारखा आहे. चार हात, प्रत्येकावर तीन ओळींत 24 घरे, एकूण 96. फोटोत एका हातावर फुली एक घर पुढे सरकवून पुन्हा भरली आहे, जुन्या टाक्यांची भोके शेजारी दिसतात. चुकून की मुद्दाम, हे आजीच्या पिढीतले कुणी सांगू शकेल. काही घरांत फुलीच्या जागा वेगळ्या धरत आणि माहेरचा नियम सासरी नेत. कापडी पट बहुतेक बायकांच्या हातचे. म्हणून मला माजघरात बसता आले, याचा फार फायदा झाला. पुरुषांना विचारले तर "आमच्याकडे तसलं काही नाही" म्हणतात, आणि चहा होईपर्यंत सासूबाई संदूक उघडतात. वेरूळला 14, 21 आणि 29 क्रमांकाच्या लेण्यांत शिव-पार्वती द्यूत खेळताना कोरले आहेत. 21 व्या लेण्यात मुलींना घेऊन गेले की मी त्यांना पार्वतीकडे नीट बघायला सांगायचे. फाशांचा खेळ आपल्याकडे किती जुना आहे ते तिथे कळते.

सारीपाट धुऊ नका, इस्त्री करू नका. अस्तर उसवले असेल तर तसेच राहू द्या, आत काय आहे ते मात्र बघा. माझ्याकडच्या एका पटाच्या आत हिमरूचा तुकडा निघाला, दुसऱ्यात मोडीतली हिशेबाची चिठ्ठी.

जपण्याची गोष्ट आपल्या हवेवरून ठरते. मे महिन्यात पारा 42-43 ला जातो, कागद पापडासारखा होतो, आणि जूनमध्ये पहिल्या पावसाला तोच कागद ओल शोषतो. या ओढाताणीत घड्या फाटतात. म्हणून मे-जूनमध्ये घडी उलगडायचीच नाही. पट मधल्या खोलीत ठेवा. पश्चिमेच्या भिंतीला टेकलेले लोखंडी कपाट म्हणजे भट्टी. माळवदाचे जाड भिंतींचे जुने घर असेल तर त्यातली आतली खोली सगळ्यात उत्तम. सपाट ठेवता आला तर सपाट. नाहीच तर जाड नळीवर, चित्र बाहेरच्या बाजूला ठेवून, सैल गुंडाळा. घडीवर घडी घालू नका.

गुंडाळायला अ‍ॅसिडमुक्त कागद मिळाला तर फार चांगले. नाही मिळाला तर मांजरपाट घ्या, पण तीन वेळा धुऊन. नव्या कापडात खळ असते आणि खळीला कसर लागते. पोथ्यांना बांधतात तसले लाल कापड नको, एकदा ओले झाले की रंग सोडते. कडुनिंबाचा पाला कागदाला लागू देऊ नका, डाग पडतात. डांबरगोळ्याही पटाशेजारी नकोत. वाळवीसाठी कपाट भिंतीपासून वीतभर पुढे आणि पायांवर उंच, एवढे पुरते, आणि पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी मागे डोकवायचे. जुनी सेलोटेप लागलेली असेल तर ओढू नका, ती कागदाचा थर घेऊन येते. वहीच्या पिना गंजल्या आहेत त्या मात्र सावकाश सरळ करून काढा. सोंगट्यांना रबर लावू नका, कागदी पाकिटात ठेवा आणि पाकिटावर पेन्सिलीने संख्या लिहा. भिंतीवर लावायची हौस असेल तर रंगीत प्रत काढून ती लावा. स्केचपेनचा रंग वर्षभरात उडतो.

स्वच्छ करण्याबाबत माझे मत कडक आहे. औसा तालुक्यातल्या एका घराने मला नवकंकरीचा पट दिला. पोत्याच्या कापडावर डांबरी रंगाने काढलेला. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपात त्यांचे घर गेले, ढिगाऱ्यातून निघालेल्या थोड्या वस्तूंत तो होता. त्याच्या विणीत अजून माती आहे. दोन जणांनी मला तो "साफ करून" द्यायची तयारी दाखवली. मी दिला नाही. पट देणाऱ्या मावशी दरवर्षी येतात, मांडीवर घेऊन बसतात, आणि त्या मातीवरून हात फिरवतात.

शोधायचे कुठे? रद्दीवाल्यांशी दिवाळीच्या आधी महिनाभर मैत्री ठेवा, तेव्हा माळे रिकामे होतात. जुना वाडा पाडायला घेतला असे कळले की त्याच दिवशी जा, दुसऱ्या दिवशी उशीर झालेला असतो. निवृत्त आरेखक, आयटीआयचे निदेशक, वसतिगृहांत राहिलेली माणसे, एसटी डेपोतले जुने कर्मचारी, यांच्याकडे हातचे पट निघतात. घरातून पट घेताना मी एक नियम पाळते: घराला त्याच मापाची रंगीत प्रत करून देते, आणि कुणाच्या घरून, कुणाच्या हातचा, ते पाठीमागे मऊ पेन्सिलीने लिहिते. कुणी अडचणीत आहे म्हणून स्वस्तात मिळतोय असा पट घेऊ नका. उसने पैसे द्या, पट तिथेच राहू द्या.

देवळाच्या ओवरीत, घाटावर, लेण्यांत दगडात कोरलेले पट दिसतात. त्यांचे फक्त फोटो घ्या, सकाळी किंवा संध्याकाळी तिरप्या उन्हात. रेघा उठून दिसाव्यात म्हणून खडू किंवा चुना भरू नका. संरक्षित स्मारकांवर 1958 चा कायदा आहे, आणि कायदा नसता तरी दगडाची झीज तुमच्या खडूने वाढते. 100 वर्षांहून जुनी वस्तू आणि 75 वर्षांहून जुने महत्त्वाचे हस्तलिखित 1972 च्या कायद्याने पुरावस्तू ठरू शकते. पुरावस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही, ते केंद्र सरकार किंवा त्याने अधिकार दिलेली संस्थाच करू शकते. परदेशातून कुणी मागितली तर हे आधी सांगा.

आता किंमत. हातच्या पटांचा आपल्याकडे ठरलेला बाजार नाही. डॅरोंच्या पटाला लाख डॉलर मिळाले, कारण तो खेळ पुढे जगभर घरोघर गेला. "डिप्लोमसी" हा खेळ रचणाऱ्या अ‍ॅलन कॅल्हॅमर यांनी 1959 मध्ये पदरमोड करून 500 संच काढले, ते आज संग्राहक शोधत फिरतात, तेही त्याच कारणाने. जो खेळ छापला गेला नाही त्याची किंमत घेणाऱ्याच्या जाणतेपणावर ठरते. मी सगळ्यात जास्त दिले ते 6,500, पट, सोंगट्या, नियम आणि काढणाऱ्याची तासभर ध्वनिफीत मिळून. तुमच्या पटाला 20 हजार हा कमी भाव नाही. पण वहीशिवाय तो पट मुका होतो आणि पटाशिवाय वही कुणाला कळत नाही. विकायचेच झाले तर तिन्ही मिळून, आणि बाबांच्या हयातीत, त्यांच्या संमतीने. मला विचाराल तर विकू नका.

आणि बाबा आहेत, हे तुमचे मोठे भाग्य. माझ्या 163 पैकी जेमतेम 40 पटांचे काढणारे मला भेटले. त्यांना नुसते प्रश्न विचारू नका, "आठवत नाही" म्हणतील. रंगीत प्रत जमिनीवर पसरा, नव्या सोंगट्या करा, घरातली चार माणसे बसवा आणि बाबांशी डाव मांडा. फोन बाजूला रेकॉर्डिंगवर ठेवा. हात पटावर गेला की माणसाला नियम आठवतात, नियमांबरोबर माणसे आठवतात. लातूरच्या जादा पलटणी कुणाच्या, तेही तेव्हाच निघेल.

एक माझ्यासाठी विचारा. नवव्या फोटोत कंधार आणि उदगीर यांच्या मध्ये तुटक हिरवी रेघ आहे, तिच्या दोन्ही टोकांना छोटे गोल, आणि वहीत तिचा उल्लेख कुठेच नाही. वाट म्हणावी तर इतर वाटा काळ्या आहेत. ती रेघ दोनदा खोडली आहे आणि तिसऱ्यांदा काढली आहे. बाबा काय म्हणतात ते मला नक्की कळवा.